बद्द आवाज

वडील कोळशात होते.
एवढं सांगितलं की आमच्या गावात
पुढचं कुणी विचारत नसे.
संध्याकाळी दोरीवरची चादर काढली
की चिमट्यांखालची तेवढी जागा पांढरी,
बाकी सगळी करडी.
बर्फसुद्धा पडतानाच जुना दिसायचा.

मग भिंत पडली, खाण मिटली,
खड्ड्यात पाणी सोडलं, त्याला तळं म्हणू लागले.
वडील, ओटमार लाखमान, वय त्रेपन्न,
काठावर गळ टाकून बसत
आणि बोट दाखवत:
तिथे खाली आमचं कॅन्टीन.

मी दोन हजार एकमध्ये लागले.
शेतात पत्र्याची एक शेड, आम्ही एकोणचाळीस जण
आणि निळे चौकोन.
वाळूतून काढलेले, इतके पातळ
की श्वास जपून सोडायचा.
माझं काम ऐकण्याचं.
मडकं घेताना वाजवून बघतात
तशी नखानं टिचकी मारायची:
धड असेल तर खणखणीत,
तडा असेल तर बद्द.
घरी कपबशा विसळतानाही
मी प्रत्येकीला विचारून ठेवायचे.

हॉलमध्ये फळा, फळ्यावर एकच आकडा:
एका वॅटला किती पडतात.
तो उतरला की केक.
चार युरोंच्या खाली आला, चेरीचा केक.
तीनच्या खाली आला तोवर
शेडच्या जागी चार हॉल, रस्त्याला सूर्याचं नाव,
न्हाव्यानं दुसरी खुर्ची घेतली,
हायड्रुन लाखमानला गटप्रमुखाचा बिल्ला.
दीडच्या खाली आला
तेव्हा केक होता,
कापायला कुणी पुढे होईना.
आकडा आमच्या पगारांच्या अंगावरून
खाली चालला होता,
आणि तो खाली यावा म्हणूनच तर
रात्रपाळ्या केल्या होत्या.

शेवटच्या वसंतात तान वेन्छिंग आली,
छांगचौहून, यंत्रं न्यायला.
सव्वीस वर्षांची. सहा आठवडे
चार नंबरच्या यंत्राशी माझ्या शेजारी उभी.
दांड्याला ही निळी टेप कशाला?
थंडीत हात चिकटतो, म्हटलं.
तिनं ते वहीत लिहून घेतलं.
तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला,
पण बद्द म्हणजे काय
ते दोघींना एकाच वेळी कळायचं.
जाताना म्हणाली, आमच्याकडे हे कॅमेरा बघेल.
आणि मग उगीचच माझ्या कोटाचं बटण लावून दिलं.

चार नंबर दारातून निघेना.
दार काढलं.

नंतरची अकरा वर्षं मी वृद्धाश्रमाच्या
स्वयंपाकघरात होते. त्याबद्दल काही नाही.

यंदा मार्चात सुपरमार्केटमध्ये
बटाट्यांची पोती आणि बागेचा पाइप
यांच्या मधोमध दोन पॅनेल उभी.
बाल्कनीला टांगा, प्लग खोचा, झालं.
तिथेच हिशेब केला: एका वॅटला तीस सेंट,
वायर आणि खिळ्यांसकट.
उलटं करून पाहिलं. छांगचौ.
टिचकी मारली. काचच वाजली नुसती;
आतलं आता ऐकू येत नाही.
मुलगा म्हणाला, मॅडम, घेताय का?
चेरीच्या केकची इतकी आठवण आली
की मी दोन्ही घेतली.

वडील आता शहाऐंशीचे.
तिसऱ्या मजल्यावर, पॅनेलच्या मागे
खुर्ची टाकून मीटर बघत असतात.
आवाज नाही, धूर नाही, याला काम म्हणतात?
असं पहिल्या दिवशी.
आता मला कॉफी विचारूनसुद्धा करू देत नाहीत.
ऊन आलं की स्वतः उठून किटली लावतात.
मध्येच ढग आला
तर बटण बंद करून,
पाणी अर्धं कोमट,
मनगटावर नसलेलं घड्याळ बघत म्हणतात:
पाळी बदलतेय. थांब जरा.