रिहाब कॉम्प्लेक्स, दुसरा मजला

गुरुवारी पगार, शुक्रवारी जुम्म्यानंतर हवल्ली.
बाहेर अठ्ठेचाळीस अंश, स्टिअरिंग रुमालाने धरायचं,
आणि मिस्बाहला हवाय
बर्फातून ट्रक हाकायचा खेळ.

वर ओळीने दुकानं,
काचेआड कंट्रोलर टांगलेले, नांग्या बांधलेल्या कुर्ल्यांसारखे.
'नवी डिस्क अठरा दिनार,' हातिम म्हणाला, 'वापरलेली अकरा.
डाउनलोड हवं तर चौदा, आज सूट आहे.'
त्याची अरबी दमास्कसची, माझी बांधकामाच्या साइटवरची.
आकडे मात्र दोघांचे पक्के.

मी म्हटलं, डिस्क.
डिस्कला पाठ असते, पोट असतं,
दिव्याखाली तिरकी धरली की ओरखडे मोजता येतात.
खेळून झाली की हातिमच परत घेतो आठाला.
तीन दिनारांत अख्खा हिवाळा.
शिवाय कपाटात दिसते. पैसे कुठे गेले ते कळतं.

मिस्बाह म्हणाली, डाउनलोड.
अकरा वर्षांची, पण बोलते वकिलासारखी, आईवर गेलीय.
डिस्क हरवते. डिस्कवर चहा सांडतो.
(एकदाच सांडला होता. माझ्याच हातून.)

हातिमला विचारलं, डाउनलोडमध्ये नेमकं मिळतं काय?
तो हसला.
'खेळायची परवानगी. कंपनीची मर्जी असेपर्यंत.
देश बदललास तर कधी खातं अडतं,
कधी चालतंही. सांगता येत नाही.'
खिशातल्या सिव्हिल आयडीला माझा हात उगाच गेला.
बावीस वर्षं इथे,
आणि संपायची तारीख अजून त्याच कोपऱ्यात.
'म्हणजे इकामाच की हा,' मी मराठीत पुटपुटलो.
हातिमने मान डोलावली,
एवढा एक शब्द त्याला कळला असणार.

मला वाटलं, जिंकलो.
तर ती जवळ आली, हातिमकडे पाठ करून, हळूच:
'अब्बा, डिस्क घेतली की तुम्ही ती विकणार.
सायकल विकलीत.
माशांची टाकी विकलीत, माशांसकट.
हमदुलेंचा फैझान गेला तेव्हा
लिफ्टमध्ये कागद लावला होता त्यांनी,
सोफा, फ्रीज, इस्त्री, गेम सव्वीस, सगळे मिळून चाळीस.
डाउनलोड कुणी विकत घेत नाही.'

कंपनीचं पत्र कपाटात आहे, पासपोर्टांच्या खाली.
मार्चपर्यंत.
रुखसानाला सांगितलंय, पोरीला नाही.
पण रोज रात्री मी एकेका वस्तूपाशी थांबतो,
तिची किंमत करतो मनातल्या मनात,
ते चोरून कुणी बघत असेल
हे ध्यानात आलं नव्हतं.

शेवटी वापरलेलीच घेतली.
म्हणजे ती म्हणाली, घ्या डिस्क, चला.
साडेदहाला दिली हातिमने.
डब्यात आतून निळ्या शाईने अरबीत नाव, गानिम,
त्याच्या वर खोडलेलं आणखी एक.

गाडी गार व्हायची वाट बघत बसलो
तेवढ्यात तिने डॅशबोर्डच्या कप्प्यातून
माझा साइटवरचा मार्कर काढला.
डिस्कवर, चित्रातल्या बर्फाच्या मधोमध,
आईने शिकवलेल्या देवनागरीत,
जीभ दातात धरून:
मिस्बाह इरफान परकार, मु. पो. दाभोळ.

आता हातिम आठ देणार नाही.
पाच. फार तर साडेपाच.
हिशोब आपोआप झाला, खोड जाते कुठे.

मग मी म्हटलं, तालुका राहिला.
तिने दापोली लिहिलं,
पो जरा वाकडा आला.
'आणि पिनकोड?'

मला आठवेना.