बावीस वाजून वीस

गुनवोर लांतो पुलावरून चालत आली,
हापारंदाहून तोर्निओला, स्वीडनमधून फिनलंडमध्ये.
नऊ मिनिटांची वाट,
पण इकडे पोचेपर्यंत घड्याळात एक तास नऊ मिनिटं होतात.
नदी अजून गोठलेलीच होती.
तिनं हातमोजे काढले, बुटांवरचं बर्फ तसंच राहू दिलं
आणि माझ्या टेबलावर एक पत्र ठेवलं.

पत्राखाली सही इस्पितळाची,
पण साचा मी बांधलेला, जावामध्ये, नऊ वर्षांपूर्वी.
नाव यायचं तिथं नावाची रिकामी जागा,
वेळ यायची तिथं वेळेची.
लस टोचायला बोलवायचं असो की हे असलं काही,
टेम्पलेट एकाच सुरात बोलतं.

‘आर्विद लांतो. ३ मार्च, २२.२०.’

‘बावीस वीसला,’ ती म्हणाली,
‘मी त्याला ब्लूबेरीचं सूप भरवत होते.
दोन चमचे गेले. तिसरा हनुवटीवर आला, तो मी पुसला.
बावीस चाळीसला नर्स म्हणाली, झोप लागलीय त्यांना, तुम्ही निघा.
मग वीस मिनिटं मी
कुणाजवळ बसले होते?’

मला कळलं, आणि कळल्यावर घशाशी काहीतरी आलं.
फेब्रुवारीत आम्ही सर्व्हर हलवला होता.
जुन्या यंत्राला हेलसिंकीची वेळ ठाऊक होती,
ती कुणी सांगितली होती, कधी, कुणाच्याच लक्षात नव्हतं.
नव्या यंत्राला कुणीच काही सांगितलं नाही.
ते यूटीसीत जगतं,
जिथं कुणाचंच घर नाही.
एक ओळ. टाइमझोनची एक ओळ
मी गृहीत धरली होती.

कागद पालथा करून मी तिला मांडून दाखवलं:
सर्व्हरचे बावीस वीस,
तुमच्या मनगटावरचे तेवीस वीस,
आणि वॉर्डातल्या भिंतीवरचे शून्य वीस.
म्हणजे तुम्ही निघालात, त्यानंतर चाळीस मिनिटांनी.
म्हणजे सूप त्यानंच घेतलं.
म्हणजे तारीखही चार.

ती बराच वेळ त्या तीन आकड्यांकडे बघत राहिली.
‘माझ्याकडे अजून तीनच तारीख होती,’ ती म्हणाली.
‘मी कॉफी ठेवली होती.
माझा नवरा उद्या गेला,
आणि मी आज कॉफी ठेवत होते.’

यावर कुठलं फंक्शन लिहू?

मग तिनं पर्समधून दुसरा कागद काढला. बिल.
१,२०४ युरो, असं छापलेलं.
नवं यंत्र आकडेही इंग्रजी वळणानं लिहीत होतं,
हजारामागे स्वल्पविराम.
आमच्याकडे, नदीच्या दोन्ही काठांवर,
स्वल्पविरामानंतर रुपयाचे पैसे सुरू होतात, म्हणजे युरोचे सेंट.
तिनं एक युरो वीस सेंट मोजून ठेवले,
नाणी एकावर एक रचली.
‘उरलेलं चार दशांश सेंट माझ्याकडे सुटं नाही.’
तिला ठाऊक होतं. डोळ्यांत दिसत होतं की ठाऊक आहे.
चाळीस वर्षं तिनं जकातीत हिशेब केले होते.

संध्याकाळी मी दोन ओळी लिहिल्या,
एक वेळेची, एक आकड्यांची.
येस्सेनं तपासल्या, म्हणाला, बरोबर आहेत.
बरोबर आहेतच.
तेवढ्यात दिसलं, खालच्या दुव्यात रुग्णक्रमांक
४१,२०७ असा तुटला होता,
म्हणून तो उघडतच नव्हता.
यंत्राला आकडा सलग लागतो, माणसाला थांबत थांबत.
तिसरी ओळ लिहिली.

नवं पत्र मी स्वतः नेऊन दिलं.
पूल ओलांडताना फोननं आपणहून घड्याळ मागं घेतलं,
एक अख्खा तास, न विचारता.
तिनं दारातच वाचलं: ४ मार्च, ००.२०.
मान हलवली, घडी घातली.
‘दगडावर मात्र तीनच कोरणार,’ म्हणाली.
मी हो म्हटलं. मला काय अधिकार होता नाही म्हणायचा.

ती नाणी माझ्या खणात आहेत.
बिलात पूर्णविराम कुठं, स्वल्पविराम कुठं,
हे आता यंत्र चुकत नाही.