बाकी

तालमीनं त्याला हंगामापुरता आणला होता,
मोझांबिकहून,
डाव्या पायानं खेळणारा आबेल.
दोन वेळचं जेवण माझ्या खानावळीत लावलं.
सेक्रेटरी म्हणाला, मावशी, तिखट जरा बेतानं.

पहिल्याच दिवशी रस्सा प्याला आणि डोळ्यांतनं धार.
मी तांब्याभर दूध पुढं सरकवलं.
एका दमात संपवून, ओठावरची साय पुसत
तो काहीतरी बोलला.
मला ऐकू आलं: ओ, ब्रिगेड.
म्हटलं, कसली ब्रिगेड रं?
पेठेत आधीच काय कमी मंडळं हायत?

तिसऱ्या दिवशी कळलं, आभार मानतोय.
भाकरी वाढली की ओब्रिगादू,
पाणी ओतलं की ओब्रिगादू,
खरकटं ताट उचललं तरी.
मी आपला अवघडून जायचो.
आमच्यात कोण मानतंय आभार?
ते मानायचे सत्काराला, माईकवर,
सगळ्यांत शेवटी,
लोक चपला शोधायला लागल्यावर.
घरात कुणी मानले तर समजायचं
काहीतरी बिनसलंय.

माझी जाऊ बांद्याची.
पोटभर जेवली की म्हणते, देव बरें करूं.
म्हणजे हिशेब देवाच्या गळ्यात घालून
ही मोकळी.
भांड्याला येणारी मल्लव्वा संकेश्वरची.
ती कुठल्याच भाषेत काही म्हणत नाही.
उरलेली आमटी घेऊन जाते,
आणि चार दिवसांनी माझ्या ओट्यावर
वर्तमानपत्राच्या पुडीत
मूठभर लाल मिरच्या असतात.

एकदा ज्वारीचं पोतं त्यानं पाठीवर घेतलं,
अकरा पायऱ्या, न थांबता.
माझ्याच तोंडून निघून गेलं, ओब्रिगादू.
तो हसला. मान हलवली.
बाईनं ओब्रिगादा म्हणायचं, मावशी,
ओब्रिगादू पुरुषाचं.

मी थांबलो.
हातातली परात खाली ठेवली.
म्हटलं, पोरा, हे कोल्हापूर हाय.
हितं बायका बी आलो म्हणतात, जेवलो म्हणतात.
माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची.
पुण्याची सून हसली एकदा,
आता तीच म्हणते, आत्या, मंडईला जाऊन आलो.
माझं ओब्रिगादूच ऱ्हाऊ दे.

त्याला किती समजलं कोण जाणे.
पण बुटाची नाडी सोडून
त्यानं स्वतःच्या बोटाभोवती गुंडाळली,
आवळली, आणि बोट वर करून दाखवलं.
त्या शब्दाचा अर्थ म्हणे असा.
बांधलेला.

मग हळूच म्हणाला,
ही काय आईची भाषा नव्हे. शाळेतली.
आई म्हणते, कानिमाम्बो.
तो शब्द त्यानं एकदाच उच्चारला,
गरम भांडं फडक्यात धरावं तसा.
मी त्याला मक्याच्या कण्या करून घातल्या होत्या,
त्या रात्री.

सेमीफायनलला गुडघा गेला.
तालमीनं तिकीट काढून दिलं, बाकी काही दिलं का
मी विचारलं नाही.
स्टँडवर जायच्या आधी तो वही मागायला आला.
तीनशे चाळीस रुपये राहिले होते.
खिसे चाचपले त्यानं, दोन्ही.
मी वही पाठीमागं धरली.
म्हटलं, निघताना आमच्यात जातो म्हणत न्हाईत.
येतो म्हण.
येतो, म्हणाला. शुद्ध.
आणि लंगडत रिक्षात बसला.

सून म्हणते, आत्या, ते पान फाडा आता.
पाऊस दोन झाले.
मी पान उघडतो, त्याचं नाव बघतो,
नावापुढं आकडा.
आणि वही मिटून
परत डब्याखाली ठेवतो.
रेघ मारली की तो सुटला.
मी बी.