कमाल वीस अक्षरे

साधं पान दोन रुपये, रंगीत दहा.
कन्नमवार नगर, बिल्डिंग एकशेबारा,
जिन्याखालचं झेरॉक्सचं दुकान माझं.
अकरावीचे फॉर्म भरायला सगळी पोरं इथंच येतात
आणि मी, दहावीत दोनदा आपटलेला,
त्यांची भविष्यं दोन बोटांनी टाइप करतो.

नाव, जात, गुण, आधार.
मग फीच्या जरा वर एक चौकट:
छंद, कमाल वीस अक्षरे.
'वाचन टाकू?'
सगळ्यांचं वाचनच टाकतो मी.

झुबेरने मान डोलावली,
पण हात खिशात, खिशात तो रंगीत ठोकळा,
आणि बोटं चालूच, न बघता.
बाहेर काढला तेव्हा सहाही बाजू जुळलेल्या.
'एकवीस सेकंद, काका.
हवा दमट आहे, नाहीतर एकोणीस.'
मी वाचन पुसलं, ठोकळा लिहिलं.
बरं दिसेना.
परत वाचन.

प्रज्योत तळहातावर कोरियन अक्षरं गिरवत होता.
बाप घाटकोपर डेपोत कंडक्टर.
याला सोलला जायचंय. गाण्याबिण्यासाठी नाही,
'तिकडच्या मालिकांत पोरं मध्यरात्री
दुकानाबाहेर बसून एकटीच नूडल्स खातात.
घरी गेल्यावर कोणी विचारत नाही, कुठं होतास.'
एवढ्यासाठी अख्खी भाषा शिकायची?
मग वाटलं, याहून कमी कारणांवर
आमच्याकडे लग्नं झालीत.

संबोधी शेवटी आली.
पेनड्राइव्हमधला दाखला शोधताना
भलतीच फाइल उघडली गेली माझ्याकडून,
आणि दुकानात आमचाच जिना वाजू लागला.
तिसऱ्या मजल्यावरची सैल फरशी, टक्-टॉक.
टाकीत पाणी चढताना पाइपचं घशातून बोलणं.
बागुल वहिनींची कडी, जी आधी रुसते मग लागते.
फेब्रुवारीतल्या कुठल्याशा रात्री
खाडीवरून जाणारे रोहित,
बदकांनी भांडावं तसे.

'दिवाळीनंतर पाडणार ना,' ती म्हणाली,
'तेवीस मजली होईल. लिफ्ट आहे, जिम आहे.
चांगलंच आहे. फक्त ही फरशी नसेल.'
रडवेली वगैरे नव्हती,
दुधाचा हिशोब सांगावा तसं सांगत होती.

'होणार काय तू?'
'सिनेमात हिरो चालतो ना,
त्याची पावलं खोलीत बसून कोणीतरी वाजवतं.
ते.'
'पैसे देतात त्याचे?'
'देतात. विचारलंय मी.
आईला सायन्स हवंय, तर घेते सायन्स.
फिजिक्समध्ये आवाजाचा एक धडा असतोच.'

मग म्हणाली, 'काका, मशीन चालवा ना.
काही ठेवू नका, रिकामीच.'
झाकणाखालून उजेड सरकला.
तिने फोन अगदी जवळ धरला, डोळे मिटले.
'मधेच श्वास अडकतो हिचा, ऐकलंत?'
अकरा वर्षं उभा आहे हिच्या शेजारी.
नव्हतं ऐकलं.

चौकटीत मी लिहिलं: पाडायच्या घरांचे आवाज.
घेईना.
बोटांवर मोजलं तर दहाच भरतात,
पण कॉम्प्युटर काना, मात्रा, पाय मोडलेलं अक्षर,
मधली रिकामी जागासुद्धा मोजतो.
एकवीस.
एक जास्त.
'अनुस्वार काढा,' ती म्हणाली.
काढला. घरं होती त्यांचं एक घर झालं,
आणि बसलं.

कोरं पान अजून गरम होतं,
तेही घेऊन गेली.
वर तिसऱ्या मजल्यावर फरशी वाजली,
थोड्या वेळाने परत वाजली.
राहते ती दुसऱ्या मजल्यावर.

शटर ओढण्याआधी झुबेरचा फॉर्म उघडून पाहिला.
बदल करता येणार नाही, असं लाल अक्षरांत आलं.
वाचन, म्हणे.