रद्दीवाल्याचा काटा

रात्री साडेनऊला सॅक घेऊन खाली उतरले,
मावजीभाई शटर ओढत होते.
म्हटलं, थांबा, एवढं वजन करून द्या.
त्यांनी काट्यावरची पेपरांची थप्पी उतरवली,
सॅक चढवली, चष्मा कपाळावर सारला :
अकरा किलो सातशे.
"पेपरच्या भावानं
दोनशेच्या आत जाल, मॅडम."

उद्या येऊरच्या रानात एक रात्र,
वनखात्याची चिठ्ठी काढून, सातजण.
वय त्रेपन्न. डावा गुडघा
सरकारी समितीसारखा : आधी आवाज करतो,
मग मुदत मागतो.

फुटपाथवरच सॅक उघडली.
दुसरी चादर काढली. काटा जरासा हलला.
टॉर्चचे जादा सेल काढले, परत घातले.
स्टीलचा डबा काढून चिवडा पिशवीत ओतला,
दोनशे ग्रॅम वाचले,
चिवड्याचा मान गेला.
उशी मात्र
हातात धरून उभी राहिले.
सहाशे ग्रॅम. सावरीच्या कापसाची,
माझ्या मानेचा खळगा पाठ असलेली.
मावजीभाई काही बोलले नाहीत.
लोकांना काय टाकवत नाही
हे रद्दीवाल्याला ठाऊक असतं.

आमच्यात सगळ्यात हलका निनाद.
पाठीवर पाच किलो, टूथब्रशची दांडीसुद्धा कापलेली.
"मावशी, ओझं म्हणजे भीती," असं
भर चढणीवर, दम न लागता म्हणाला.
संध्याकाळी त्याला सुईदोरा लागला.
मग लिंबू. मग माझा जादा स्वेटर,
कारण डिसेंबर झाडांखाली
मुलुंडपेक्षा दोन बोटं जास्तच असतो.
मी देत गेले.
त्याचा हलकेपणा दिवसभर
माझ्या पाठीवर होता,
हे सांगायचं राहिलं.

रात्री उशीवर डोकं टेकलं.
खाली कुठलंसं मूळ टोचत होतं, वर साग
एकेक पान ताटासारखं आपटत होता.
फटीतून टॉवरचे लाल दिवे दिसले.
आमची इमारत नाही. ती बुटकी.
डोळा लागेना, तेव्हा आठवला लालमन.
लिफ्ट बंद होती त्या सात महिन्यांत
चौथ्या मजल्यावर सिलिंडर आणायचा, खांद्यावर,
उतरताना रिकामा घेऊन जायचा.
वजन सिलिंडरवरच रंगवलेलं असतं.
मी कधी वाचलं नव्हतं.
वर वीस रुपये द्यायचे,
आणि फरशीला ओरखडा पडला
म्हणून बोलायचे.

अंधारात उशी उलटी केली.
ती बाजू गार होती.

सकाळी उतरताना निनाद म्हणाला,
द्या मावशी, सॅक घेतो.
मी नाही म्हणायच्या आत
गुडघ्यानं हो म्हटलं.
उशी तेवढी बाहेर काढली,
काखोटीला मारली,
आणि बाकीची दिली.