जिथं हात पोचत नाही

दुखतं कुठं, विचारलं त्या मुलीनं.
मी हात मागं नेला. वरून नेला, खालून नेला,
दोन्ही वेळा चार बोटं कमी पडली.
दिवसाला हजार विड्या वळणारा हात
स्वतःच्याच पाठीला परका.
शेवटी नातीनं, मौनिकानं, बोट ठेवलं:
"इथं. खांद्याच्या पात्याआत.
अम्मम्मा हीच जागा दाराच्या चौकटीला घासते."

नऊ वर्षं.
आम्ही घरात नोप्पी म्हणतो, शेजारीण कळ म्हणते,
फोटोच्या कागदावर होतं: हाडात दोष नाही.
दोष नाही ऐकून मला रडू आलं.

साखर पेठेतल्या बाईनं तेल जिरवलं,
तापल्या विटेवर एरंडाचं पान झालं,
गोळ्यांनी आधी पोट जाळलं.
सुईनं दीड महिना झोप दिली,
मग कळ परत आली, जुन्या भाडेकरूसारखी,
न विचारता, किल्ली असल्यागत.
जावयानं पट्टा आणला. तो कमरेचा निघाला.

"विड्या कशा वळता, दाखवा."
इथं? रिकाम्या हातानं?
मांडीवर नसलेलं सूप घेतलं,
नसलेलं पान कापलं, नसलेली तंबाखू पसरली,
तोंड मुडपलं, दोरा फिरवला
आणि मान आपली आपण खाली गेली,
खांदे कानाशी आले.
मौनिका हसली. मुलगी हसली नाही.
मानेत एक अंगठा दाबला तिनं,
आणि कळ खाली पात्यात ओरडली.
"हाक इथून येते, ऐकू तिथं येते."

आता सूप पाटावर.
चार कट्टे झाले की उठायचं,
दोन्ही पाती मागं एकमेकींना भेटवायची,
दहा मोजायचे तेलुगूत, सोडायचं.
रात्री मोज्यात चेंडू, पाठीमागं भिंत.
किती दिवसांत बरं? म्हटलं.
"तीन महिने. थोडं राहीलही."
खरं बोलली, म्हणून पुढच्या मंगळवारी पुन्हा गेले.

उठण्यानं रोज साठ विड्या कमी भरतात.
चेकर इलाही भुवई चढवतो.
मी त्या साठांचं मोल गोळ्यांच्या पाकिटाशी लावून बघते
आणि उठते.

भिंत चुन्याची आहे.
माझ्या सगळ्या लुगड्यांवर पाठीमागं
रुपयाएवढा पांढरा गोल उमटलाय,
धुतला तरी जात नाही.
काल कारखान्यात माल द्यायच्या रांगेत
पुढं पोशव्वा उभी होती.
तिनं मला कधी काही विचारलं नव्हतं.
तिच्याही पाठीवर, डाव्या बाजूला,
चुना.