अर्धा अंश

क्लाइपेदा बंदरात, शीतगृह क्रमांक चारच्या वरच्या मजल्यावर
आम्ही मुलाखत घेत होतो
आमच्याच घरफोड्याची.

एर्दविलास. वय एकोणीस.
शर्टाला आईच्या हातची इस्त्री,
बुटांच्या नाड्या सुटलेल्या.
फेब्रुवारीतल्या एका रात्री हा आत आला होता,
म्हणजे आला नव्हता कुठेच, घरीच होता,
पलंगावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन.
नऊशे टन हेरिंग मासळीचं तापमान
त्यानं अर्ध्या अंशानं वाढवलं.
अकरा मिनिटं.
मग होतं तिथे परत आणून ठेवलं
आणि माझ्या पडद्यावर एक ओळ टाकली :
दार नुसतं लोटलेलं होतं.

ती अकरा मिनिटं माझ्या पाळीतली.
मी चहा करायला उठले होते.
तेव्हापासून रात्रीचा चहा सोडला,
हे कुठल्याच अहवालात नाही.

अहवालात आहे वितेनिस.
खापर कुणाच्या तरी माथी फुटायचंच होतं,
त्याचं डोकं सर्वांत जवळ होतं.
बावीस वर्षांची नोकरी पुठ्ठ्याच्या एका खोक्यात मावली,
वर थोडी जागा उरली.

ब्रोन्युससाहेब खुशीत होते.
"चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक," म्हणाले,
जणू आज सकाळी दाढी करताना त्यांनाच सुचलेली म्हण.
हिशेबनीस बाई म्हणाल्या, मग उद्या गावातली सगळी पोरं
आधी काच फोडतील
आणि त्याच दुकानात नोकरी मागतील.
वकिलांनी नुसतं घड्याळ पाहिलं.
मला दोघांचंही पटत होतं,
आणि पोराच्या नखांभोवतीची
कुरतडलेली कातडी दिसत होती.

"तुला का घ्यावं आम्ही?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला.
खाडीवरून फेरीबोट येत होती, अर्धी रिकामी.
"नका घेऊ," म्हणाला.
"तुमच्या कुत्र्याचं नाव टाकलं, तुमचं टपाल उघडलं.
तिथे वितेनिस नावाच्या कुणाची तीन पत्रं होती.
कुठली फट, कुठलं दार, बुजवायला किती पैसे लागतील,
सगळं लिहिलेलं.
पुढची वाट मी त्यांतूनच काढली.
तिन्ही न उघडलेली होती.
पहिल्यांदा मीच वाचली."

खालच्या मजल्यावरचे कॉम्प्रेसर तेवढे बोलत होते.
मग वकील हळूच म्हणाले, "मार्गिस?"
साहेब म्हणाले, "सोमवारपासून ये."

आतून सांगणाऱ्याला खोकं,
बाहेरून दाखवणाऱ्याला खुर्ची.
हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं असतं
तर दुसरं खोकं लागलं असतं,
आणि मला घराचे हप्ते आहेत.
माझं मत विचारलं तेव्हा मी हात वर केला.
बाजूने. अजून नीट सांगता येत नाही का.
मासळी खराब झाली नाही म्हणून असेल,
किंवा ती तीन पत्रं
कुणीतरी शेवटपर्यंत वाचली म्हणून.

रात्री वितेनिसला फोन केला.
तो आता पहाटे पावाची गाडी चालवतो.
सगळं सांगितलं. पत्रांचं दोनदा सांगितलं.
पलीकडे इतका वेळ काहीच नाही
की मला वाटलं फोन तुटला.
मग म्हणाला,
"माझी खुर्ची डावीकडे कलते.
खालचा स्क्रू ढिला आहे. त्याला सांग,
नाहीतर पहिल्याच दिवशी पडेल."

सोमवारी सांगितलं.
तो वाकला, खिशातून नाणं काढलं,
स्क्रू आवळला, बसून पाहिलं.
नाड्या आज बांधलेल्या होत्या.

मी उठले, पाणी ठेवलं, दोन कप काढले.
जाताना माझ्या टेबलाचा खण
किल्ली फिरवून बंद केला,
आणि मान वळवली तर
तो बघत होता.